ताठ अंगठ्याची पकड

दाराशीच मास्तर थबकले. प्रदर्शनाच्या इमारतीवर, दर्शनी भिंत जवळजवळ झाकून टाकेल एवढा मोठा, एक हात लावलेला होता. माणूस नाही, नुसता हात, मनगटापासून पुढचा. त्या हातात केस कापायचं मशीन होतं आणि ते उलटं धरलेलं होतं, दाते खाली आणि आतल्या अंगाला, चार बोटं पोटाखालून वळलेली, आणि अंगठा मशीनच्या पाठीवर सरळ, ताठ, फळीत ठोकलेल्या खुंटीसारखा. क्षणभर मास्तरांना वाटलं, हा आपलाच हात आहे, कुणीतरी न विचारता फोटो काढलाय. मग दिसलं की त्या हाताची नखं चकचकीत आहेत आणि पेरांवर साबणाच्या पाण्याने पडलेल्या भेगा नाहीत. त्यांनी आपला उजवा हात कोटाच्या खिशात घातला. अंगठा खिशाच्या काठाला अडला. तो नेहमीच अडतो, कारण तो वाकत नाही. डाव्या हाताने खिशाचं तोंड उघडून, एखाद्या हट्टी पोराला घरात ढकलावं तसं त्याला आत ढकलावं लागतं. बायको चार पावलं पुढे गेली होती. ती वळून म्हणाली, "आत चला की. भिंत बघायला आलोय का एवढ्या लांब?"

आत जायचं कारण धाकटा होता. धाकटा म्हणजे मास्तरांचा सख्खा भाऊ. दोघांच्या वयात इतकं अंतर की नवं गिऱ्हाईक त्याला मास्तरांचा मुलगा समजे आणि मास्तरही ती समजूत घाईने दुरुस्त करत नसत. तो आता मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत होता. केस कापत नव्हता, केस कसे कापायचे ते दाखवत होता. गावोगावच्या प्रदर्शनांत स्टेजवर उभं राहायचं, एका माणसाचं डोकं घ्यायचं आणि समोर बसलेल्या शेकडो कारागिरांना सांगायचं की या वर्षी जग असं कापतंय. त्याचा फोन आला तेव्हा मास्तर एका म्हाताऱ्याची दाढी करत होते. फोन बायकोने घेतला आणि त्यांच्या कानाशी धरला. दादा, तू यायचंच, वहिनीलाही आण, पहिल्या रांगेत बसायचं, या वेळी मी स्टेजवरून तुझ्याबद्दल बोलणार आहे, असं तो म्हणाला. मास्तरांनी वस्तरा म्हाताऱ्याच्या गालापासून लांब धरला आणि नुसतं बरं म्हटलं. पण त्या संध्याकाळपासून त्यांनी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. सांगताना ते आरशात बघत नसत, कंगव्यात अडकलेले केस काढत असत, सहज आठवल्यासारखं सांगत. बायको आतून ऐकायची. एकदा म्हणाली, बोलणार म्हणजे काय बोलणार ते विचारलंत का. नाही विचारलं, असं मास्तर म्हणाले. विचारण्यासारखं काय होतं त्यात. एक वाक्य. हे मी माझ्या भावाकडून शिकलो, एवढंच. अपघातानंतर त्यांच्या कानावर पुष्कळ वाक्यं पडली होती. हात गेला बिचाऱ्याचा. आता नुसती दाढीच करतो म्हणे. त्या सगळ्यांच्या वर ठेवायला त्यांना एक वाक्य हवं होतं, आणि ते चारचौघांत, मोठ्याने, मायकमधून हवं होतं. दुकानाला कुलूप लावताना त्यांनी दारावर पाटी अडकवली होती, प्रदर्शनासाठी बाहेरगावी. प्रदर्शनासाठी हा शब्द त्यांनी जरा मोठा काढला होता.

आत मशीनांचा आवाज होता. एक मशीन दुकानात चालू असतं तेव्हा ते कुणाच्या लक्षात येत नाही, पण इथे शेकडो एकदम चालू होती आणि कुठेतरी पोळं उठल्यासारखं वाटत होतं. तेलाचा वास, नव्या प्लास्टिकचा वास, गरम हवेच्या पंख्यांचा वास. प्रत्येक गाळ्यात एक खुर्ची, खुर्चीत एक मान. एका पडद्यासमोर काळ्या कपड्यांतली एक बाई या वर्षीची फॅशन समजावून सांगत होती. गेल्या वर्षी कानावर स्वच्छ रेघ होती, या वर्षी रेघ नको, या वर्षी उतार कानाच्या मागून सुरू होईल आणि मानेवर विरघळेल. मास्तर ऐकत उभे राहिले. त्यांना तिचं म्हणणं पटत होतं, पण ती ते ज्या पद्धतीने सांगत होती ती पटत नव्हती. आकडे सांगत होती, गार्डचे नंबर सांगत होती, गार्ड म्हणजे दात्यांवर चढवायची ती प्लास्टिकची टोपी. मास्तरांकडे गल्लीतली पोरं शिकायला यायची तेव्हा ते नंबर सांगत नसत. ते पोराला दुकानाच्या पायरीवर बसवून संध्याकाळ दाखवत. बघ, आत्ता उजेड आहे. आता बघ. दिवस कुठे संपला ते बोट ठेवून दाखव. पोरगं बराच वेळ बघून म्हणे, नाही दाखवता येत. मग मास्तर म्हणत, हां, मानेवरचा उतार तसा पाहिजे, कुणाला बोट ठेवता येता कामा नये. जे पोरगं कंटाळून आधीच उठून जाई त्याला ते दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवत. रागावत नसत. रागावलं की शिकणाऱ्याचा हात आखडतो, आणि आखडलेला हात गिऱ्हाइकाला मानेवर कळतो. धाकटा मात्र पहिल्याच दिवशी म्हणाला होता, दादा, यात दाखवायचं काय, दिवस संपलाच नाहीये, दिवे लागलेत. मास्तर खूप हसले होते. हा पुढे जाणार, असं त्यांनी रात्री जेवताना बायकोला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, पुढे जाईल हो, मागे बघतो का ते बघा.

पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर कागद चिकटवलेले होते, पाहुण्यांसाठी. बायकोने कागद सोडवला, त्याची घडी करून पर्समध्ये टाकली आणि बसली. पाठीमागचे लोक तरुण होते. त्यांच्या गळ्यात कंपनीने दिलेले पट्टे होते आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक मशीन होतं, खरं नाही, सरावाचं, आत मोटार नसलेलं. मास्तरांच्याही मांडीवर एका मुलीने हसून एक ठेवलं. ते हातात घेतल्यावर त्यांना विचित्र वाटलं, कारण त्यात कंप नव्हता. कंप नसलेलं मशीन हातात असलं की त्यांना खुर्चीच्या अपघाताचा तो दिवस आठवतो. ती वर-खाली होणारी जुनी खुर्ची, तिचा दांडा सुटला आणि तेल प्यायलेलं ते सगळं धूड खाली बसलं, आणि अंगठा मध्ये होता. आवाज फार मोठा झाला नव्हता. खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं होतं, गळ्याभोवती कापड, अर्धं डोकं कापलेलं, आणि ते म्हणालं, काय झालं मास्तर. हाड जुळलं पण सांधा धरला तो धरलाच. डॉक्टर म्हणाले, काम चालेल, फक्त अंगठ्याचं काम सोडून. मास्तरांनी घरी येऊन मोजून बघितलं होतं की केस कापण्यात अंगठ्याशिवायचं काम कुठलं. कात्री गेली. मशीनसुद्धा गेलं, कारण मशीन खालून वर न्यायचं आणि शेवटी मनगट बाहेर वळवून उचलायचं, आणि ते वळवणं अंगठाच करतो. मग एका दुपारी, दुकान बंद असताना, त्यांनी मशीन न चालवताच स्वतःच्या मांडीवर फिरवून पाहिलं. सरळ धरून होईना. उलटं धरलं. अंगठा तर कुठेच बसत नव्हता, तो तसाच पाठीवर पडू दिला. मनगट वळेना, म्हणून कोपर उचललं. वरून खाली आणलं. मांडीवरची लव एका सरळ वाटेने बाजूला झाली. बायकोने आरसा धरला होता, कशासाठी धरला होता कोण जाणे, मांडी बघायला आरसा लागत नाही. आरशात छत हलत होतं.

धाकटा शिकायला बसला तो त्यानंतर. त्याने मास्तरांना सरळ हाताने काम करताना कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्याच्या लेखी मशीन असंच धरायचं असतं. मास्तरांनी त्याला सांगितलं होतं, हे माझं आहे, माझ्या हाताचं आहे, तुझा हात धड आहे, तू सरळ धर. तो सरळ धरायचा आणि जरा वेळाने, आपल्या नकळत, उलटं धरायचा. मग मास्तरांनी नाद सोडला. आपलं डोकं त्याला दिलं. शिकणाऱ्याला डोकं मिळत नाही, सगळ्यात अवघड गोष्ट ती, कुणी म्हणून आपलं डोकं देत नाही. सबंध हिवाळा मास्तर कानटोपी घालून हिंडले. आत सगळी पायवाट झाली होती. दुकानात गिऱ्हाइकं म्हणायची, मास्तर, इतरांचे कापता आणि तुमचे कुणी कापले, उंदराने? मास्तर म्हणायचे, भावाने. आणि तसं म्हणताना त्यांना गंमत वाटायची. मानेवर त्या पोरगेल्या हाताचा अंगठा टेकायचा, ताठ, मुद्दाम ताठ केलेला, आणि त्यांना कळायचं की हा आपली नक्कल करतोय, आणि ते काही बोलायचे नाहीत. आपलं व्यंग दुसऱ्याच्या धडधाकट हातात गेल्यावर ते व्यंग राहत नाही, हे त्यांना तेव्हा सुखाचं वाटलं होतं. आता या खुर्चीत, मांडीवर ते मुकं मशीन घेऊन बसल्यावर, त्यात नक्की सुख कुठलं होतं ते त्यांना आठवेना.

दिवे मंदावले आणि धाकटा आला. तो जाड झाला होता, पण चांगला दिसत होता. त्याचा हात पडद्यावर त्याच्या अंगापेक्षा मोठा दिसत होता. खुर्चीतल्या तरुणाचं डोकं त्याने जरा पुढे वाकवलं, आणि मास्तरांनी मनातल्या मनात म्हटलं, जास्त वाकवू नकोस, उतार खोटा दिसेल. त्याने तेवढ्यात डोकं थोडं वर घेतलं. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती समोर बघत होती. मशीन चालू झालं, उलटं झालं, अंगठा पाठीवर ताठ पडला, कोपर पंखासारखं उघडलं आणि वरून खाली एक लांब, सावकाश ओढ आली, आणि मागच्या रांगांतून कुणीतरी दाद दिल्यासारखा श्वास सोडला. धाकटा बोलत होता. या पकडीला कंपनीने एक नाव दिलं होतं, परक्या भाषेतलं, चकचकीत. जगात आज ही पकड चालू आहे, असं तो म्हणाला, पण तिचा जन्म एका छोट्या दुकानात झाला. मास्तर ताठ बसले. तो म्हणाला, आमच्या गल्लीत एक कारागीर होता. गल्लीत. अपघातात त्याचा हात गेला. लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, घरच्यांनी आशा सोडली. इथे बायको हलली. रोज दुपारी दुकान बंद करून तो एकटाच अंधारात सराव करायचा, आणि मी, एक अनोळखी मुलगा, दाराच्या फटीतून त्याला बघायचो. एक दिवस त्याने मला आत बोलावलं. तो फार बोलायचा नाही. शेवटी शेवटी त्याने आपलं मशीन माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, माझा हात तू हो. धाकट्याने मशीन बंद केलं. "आज तो नाही," असं तो मायकमध्ये हळूच म्हणाला. "पण त्याचा हात तुमच्या सगळ्यांच्या हातात आहे. आपण एक मिनिट उभे राहू या."

खुर्च्या सरकल्याचा आवाज मागून पुढे आला. मास्तरांनाही उभं राहावंसं वाटलं. नंतर त्यांनी त्यावर पुष्कळ विचार केला की तेव्हा नक्की काय झालं. अंग आपोआप उठलं, एवढंच खरं. सगळे उठतात तेव्हा माणूस उठतो, बसून राहायला फार जोर लागतो. बायकोने त्यांची बाही खाली ओढली. तिने ती सोडली नाही, ती स्वतः बसूनच होती, आणि मास्तर एक हात खाली ओढला गेलेला असे, वाकडे, उभे होते. त्यांनी मान खाली घातली. आणि त्या मिनिटात, त्यांना नंतर लाज वाटली ती याची, त्यांना खरोखरच वाईट वाटलं. अंधारात एकटाच बसलेला तो म्हातारा त्यांच्या डोळ्यांपुढे आला, ज्याला घरचं कुणी नव्हतं, जो फार बोलत नव्हता. कसा मेला असेल, असं त्यांच्या मनात आलं. शेवटी जवळ कोण असेल. डोळ्यांच्या कडा गरम झाल्या. मग बाही पुन्हा ओढली गेली आणि त्यांना आठवलं की दुपारी दुकान अंधारं नसतं, दक्षिणेकडची खिडकी आहे, ऊन थेट आरशावर येतं, आणि आरसा तिने धरला होता. आठवलं आणि वाईट वाटणं तसंच राहिलं, फक्त ते ज्याच्यासाठी वाटत होतं तो माणूस बदलला. समोर स्टेजवर धाकट्यानेही मान खाली घातली होती. त्याने पहिल्या रांगेकडे एकदाही पाहिलं नाही, म्हणजे ते कुठे बसलेत हे त्याला नीट ठाऊक होतं.

मग सराव सुरू झाला. सगळ्यांनी मांडीवरची मशीनं उचलली, उलटी केली, आणि मास्तरांनी मागे वळून पाहिलं. रांगांच्या रांगा कोपरं उचलून बसल्या होत्या. धड, तरुण, वाकणारे अंगठे, सगळे ताठ केलेले. काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, कारण निरोगी अंगठा ताठ ठेवणं सोपं नाही, तो सारखा वाकायला बघतो. शाळेतल्या मुलांना सगळ्यांना मिळून लंगडायला लावावं तसं ते दिसत होतं. ती मघाची हसरी मुलगी रांगेतून फिरत प्रत्येकाचा हात सुधारत होती. मास्तरांपाशी आली, वाकली आणि प्रेमाने म्हणाली, काका, अंगठा छान आहे तुमचा, अगदी बरोबर, पण कोपर एवढं वर नाही, स्टेजवरचे मास्टर सर सांगतात की कोपर खांद्याच्या खालीच ठेवायचं. तिने त्यांचं कोपर दोन बोटांनी खाली दाबलं. कोपर खाली गेलं की त्यांचं मशीन हलूच शकत नव्हतं, ते तिथेच थांबलं. येईल हळूहळू, असं ती म्हणाली, सवय लागते. बायको म्हणाली, "बाळा, त्यांचं राहू दे. ते मघाशीच वारले." मुलगी हसावं की नाही या विचारात पुढच्या खुर्चीकडे गेली.

स्टेजच्या मागे एक खोली होती, आरसे आणि दिवे असलेली, तिथे धाकट्याने त्यांना बोलावून घेतलं. त्याने वहिनीला नमस्कार केला, तिने पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. दार लावून घेत तो म्हणाला की ते सगळं कंपनीने लिहून दिलेलं असतं, त्याला फक्त म्हणायचं असतं. आधी त्याने भाऊच सांगितलं होतं, खरंच सांगितलं होतं, दोन-तीन ठिकाणी तसं म्हणूनही झालं. पण लोक मग विचारतात की कुठे असतात तुमचे भाऊ, भेटता येईल का, दुकान कुठे. मास्तर म्हणाले की मग सांगायचं. धाकटा आरशातून त्यांच्याकडे बघत होता. तो फार हळू आवाजात म्हणाला, "दादा, दुकान बघितलंयस का तू आपलं? खरं बघितलंयस?" मास्तरांना दुकान दिसलं. सोललेली खुर्ची, कोपऱ्यात पारा उडालेला आरसा, दारावरची पाटी, प्रदर्शनासाठी बाहेरगावी. वहिनी म्हणाली की दुकान दाखवायची लाज वाटते ते ठीक, पण माणूस मारायची काही गरज नव्हती, आजारी पाडला असता तरी चाललं असतं. धाकटा जरा हसला, कारण वहिनीच्या बोलण्याला तो लहानपणापासून हसत आला होता, आणि मग तो रडेल की काय असं वाटलं. पण तो रडला नाही. घड्याळाकडे बघून म्हणाला की अजून एकदा स्टेजवर जायचंय, आणि पडद्यावर मागूनही दाखवतात, आणि मान वाढलीय. त्याच्या मानेवरचे केस डावीकडे वळून वाढायचे, पाण्याच्या वाहत्या धारेत गवत आडवं व्हावं तसे, आणि कापणाऱ्याला ते ठाऊक नसलं की हटकून तिथे पायरी पडायची. तो म्हणाला, "जरा मागून साफ कर ना, दादा. इथे कुणाला जमत नाही माझी मान."

मास्तरांनी कोट काढला. त्यांनी तो का काढला हे बायकोने त्यांना पुढे कधीच विचारलं नाही. मान समोर आली की त्यांना दुसरं काही दिसत नसे, एवढंच असेल. त्यांनी कापड झटकलं, भावाच्या गळ्याभोवती बांधलं, आत बोट घालून सैल आहे ना ते पाहिलं. मशीन नवं होतं, हलकं, कंप अगदी बारीक. त्यांनी ते उलटं धरलं. अंगठा आपणहून पाठीवर पडला. कोपर वर गेलं, खांद्याच्याही वर, आणि पहिली ओढ डाव्या बाजूने खाली आली. केसांच्या वळणाला विरोध न करता, त्याच्याबरोबर जरा डावीकडे जाऊन मग सोडून द्यायचं, तिथे घाई करायची नाही. त्यांना एकाएकी फार बरं वाटलं. खोलीत फक्त मशीनचा आवाज होता. भावाची मान लहानपणी होती तशीच होती, कानामागची ती खळगी तशीच, फक्त कातडी जाड झालेली. दुसरी ओढ, तिसरी. डावी बाजू मिटत चालली, संध्याकाळ होत चालली, कुठे बोट ठेवता येणार नाही अशी. धाकट्याने डोळे मिटले होते. त्याचे खांदे खाली आले. आणि झोपेत बोलावं तसा तो म्हणाला, "हे असं कुणालाच येत नाही, दादा. मलाही नाही. मी नुसती नक्कल करतो. हे तुझंच आहे."

मशीन चालूच होतं, पण मास्तरांचा हात थांबला. ज्या वाक्यासाठी ते आले होते ते हेच होतं. शब्दसुद्धा बहुधा हेच ठरवले होते त्यांनी, रोज दुकानात कंगवा साफ करताना. ते वाक्य आलं होतं, आणि दार बंद होतं. तीन माणसांच्या खोलीत ते आलं होतं आणि तिथेच, खाली पडलेल्या केसांत, पडलं होतं. त्यांनी शांतपणे, पोराला गणित पुन्हा समजावून सांगावं तसं सांगितलं, "हे बाहेर म्हण."

धाकट्याने डोळे उघडले. आता कसं म्हणणार, असं त्याने विचारलं. आत्ताच तर सगळे उभे राहिले.

"म्हणायचं, तो आहे. इथेच आहे. माझा भाऊ आहे. एवढंच."

"दादा, हसतील मला."

मास्तरांना राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, हात आखडला असता आणि त्याला मानेवर कळलं असतं. त्यांना फक्त समजलं की हा घाबरतोय आणि तो असाच घाबरत राहील, आणि जितका मोठा होईल तितका जास्त घाबरेल, आणि त्या भीतीत आपलं मेलेलं असणं त्याच्या सोयीचं आहे. त्यांनी मशीन बंद केलं, दाते फुंकून साफ केले आणि ते आरशापुढे ठेवलं. उजवी बाजू तशीच होती, कॉलरपर्यंत आलेली. धाकट्याचा हात मानेवर गेला, पण कापडाच्या आतून तो नीट पोचत नव्हता. झालं का, असं त्याने विचारलं. मास्तर म्हणाले, "झालं." तेवढ्यात दारावर थाप पडली, त्याचं नाव घेऊन कुणीतरी चला म्हणालं, आणि तो कापड सोडवून, अंगावरचे केस झटकत, आरशात फक्त समोरून एकदा बघून, गेला. जाताना त्याने दादाच्या खांद्याला हात लावला. केस कापून झाल्यावर गिऱ्हाईक लावतं तसा.

बाहेरच्या बोळात भिंतीवर एक छोटा पडदा होता, त्यावर आतलं स्टेज दिसत होतं, आवाजाशिवाय. बायको त्याच्यासमोर उभी राहिली. मास्तर कोट चढवत होते. बाहीतून अंगठा पुढे सरकत नव्हता आणि या खेपेला तिने मदत केली नाही, ती बघत होती. धाकटा आला, त्याने हात उंचावला, मग खुर्चीतल्या माणसाकडे वळला, आणि त्याची पाठ पडद्यावर आली. मान आली. डावीकडे सुंदर उतार, कानापासून खाली विरघळत गेलेला, आणि मधोमध, मणक्यावर, एक सरळ कडा, आणि तिच्या उजवीकडे दाट, न कापलेलं रान. एवढ्या मोठ्या आकारात ते पाहिल्यावर मास्तरांची बाही अर्ध्यातच राहिली. इतक्या वर्षांत अर्धं डोकं सोडून ते याआधी फक्त एकदाच बाजूला झाले होते, तेव्हा त्यांचा अंगठा खुर्चीखाली होता. बायको म्हणाली, "आता हसतील."

ते थांबले. बोळाच्या टोकाला सभागृहाचं दार होतं, त्याच्या आडून आतलं सगळं ऐकू येत होतं, किंवा येत नव्हतं, कारण आत एकदम शांत झालं होतं. पडद्यावर दिसत होतं की पुढच्या रांगांतले लोक खुर्चीतून पुढे झुकलेत. कुणीतरी उभं राहिलं. मग फोन वर आले, एक, मग पुष्कळ, सगळे त्या मानेकडे रोखलेले. धाकट्याला काहीतरी जाणवलं असावं. त्याने मशीन डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताने मान चाचपली, आधी डावीकडे, मग उजवीकडे. त्याची बोटं त्या कडेवर थांबली. तो तसाच थांबला, आणि त्या थांबण्यात मास्तरांना वाटलं की आता हा म्हणेल, आता त्याला दुसरं काही म्हणता येणारच नाही. दाराआडून कुणीतरी 'नवा कट!' असं ओरडलं आणि टाळ्या ऐकू आल्या. आधी विरळ, मग सगळीकडून. धाकट्याने मानेवरचा हात सावकाश काढला, तो हसला, मायक तोंडाजवळ नेऊन काहीतरी बोलला, आणि मग त्याने पुन्हा पाठ फिरवली, मुद्दाम, हळूहळू, दोन्ही बाजू मागच्या रांगांपर्यंत नीट दिसाव्यात अशी.